वकीलसाहेबांच्या मोटारीतले ओरखडे

वकीलसाहेबांच्या मोटारीत पुढच्या सीटवर बसायचं तर आधी हात रिकामे करावे लागत. निघायच्या वेळी ते दाराशी एक पितळी वाटी धरून उभे राहत. तिच्यात अंगठी, घड्याळ, किल्ल्या, जे काही टणक असेल ते काढून टाकायचं. मग ती वाटी मागच्या सीटवर काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मांडीवर जायची आणि त्यानंतरच पुढचं दार उघडायचं. पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत अमरावतीहून अकोल्याला निघाले तेव्हा मला वाटलं, काही देवाधर्माचा प्रकार असेल. मी घड्याळाबरोबर चार आणेही वाटीत टाकले. वकीलसाहेबांनी ते उचलून माझ्या हातावर परत ठेवले आणि म्हणाले, "बाई, हे देऊळ नाही. मोटार आहे."

एवढा बंदोबस्त होता तो मोटारीतल्या एका काळ्या पट्टीसाठी. मोटार जुनी, विलायती, काळी. देश सोडून जाणाऱ्या कुणा साहेबानं ती वकीलसाहेबांच्या गळ्यात मारली असं काकू म्हणत, आणि ती आपण मोठ्या हिकमतीनं मिळवली असं वकीलसाहेब म्हणत. तिच्या पुढच्या काचेखाली, या दारापासून त्या दारापर्यंत, काळ्या बॅकेलाइटची गुळगुळीत पट्टी होती. आम्ही सगळे तिला प्लास्टिक म्हणायचो आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे. त्या पट्टीत तोंड पाहून कुंकू लावता आलं असतं. माझ्या आधीच्या भाडेकरीणबाईंनी तसं लावलंही होतं म्हणे, आणि त्या बोटाचा डाग निघेपर्यंत वकीलसाहेब त्यांच्याशी बोलले नव्हते.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. मी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. माहेर अकोल्याला. वकीलसाहेबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या. साठीला आलेला, उंच, किरकोळ अंगाचा माणूस. कोर्टात त्यांचा दबदबा होता आणि घरात काकूंचा. त्यांची मोठी बहीण अकोल्यात राहायची, तिला भेटायला ते एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी दुपारी मोटारीनं निघत आणि रविवारी संध्याकाळी परत येत. शनिवारी माझी सकाळची शाळा. त्यामुळे मला माहेरी जायला आयतीच सोबत झाली, आणि त्या पितळी वाटीशी माझी गाठ पडली ती अशी.

वाटीतून कुणाचीही सुटका नव्हती. एकदा खुद्द जज्जसाहेबांना घरी सोडायची वेळ आली. त्यांच्या बोटात पुष्कराजाची अंगठी. वकीलसाहेबांनी अदबीनं वाटी पुढे केली. जज्जसाहेबांनी हात मागे घेतला. तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "आपल्या कोर्टात मी जोडे वाजवत नाही, साहेब. माझ्या मोटारीत आपण अंगठी घालू नये." अंगठी वाटीत पडली. दुसऱ्या दिवशीच्या खटल्यात वकीलसाहेब हरले, पण त्याचा अंगठीशी काही संबंध नाही, तो खटलाच वाईट होता, असं ते स्वतःच सांगत.

फक्त एका माणसानं ती वाटी कधी मानली नाही. काकूंच्या दोन्ही हातांत कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत काचेच्या बांगड्या असत. मोटार आली त्या दिवशीच वकीलसाहेबांनी त्यांच्यापुढे वाटी धरली होती. काकू मला तो प्रसंग नेहमी सांगत. "मी म्हटलं, नवरा जिता असताना मी मोटारीपायी बांगड्या उतरवू? तुमची मोटार तुमाले मुबारक." तेव्हापासून काकू मागे बसत. अमरावतीत पुष्कळांना वाटायचं की नवरा-बायकोचं पटत नाही. खरं तर काकू मागून त्यांच्या खांद्याशी तोंड आणून अकोला येईपर्यंत बोलत असायच्या, आणि वकीलसाहेब एकाही वाक्याला उत्तर द्यायचं सोडत नसत.

रोज सकाळी सात वाजता अंगणात पट्टीची तपासणी चाले. मोटारीचं तोंड पूर्वेकडे करून ठेवलेलं असे. ऊन तिरपं आत यायला लागलं की वकीलसाहेब सीटवर गुडघे टेकून वाकत आणि डोळा पट्टीच्या पातळीला आणत. समोरून पाहिलं तर ओरखडा दिसत नाही, बाजूनं पाहिलं तर दिसतो, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. साक्षीदाराचंही तसंच असतं म्हणाले. ओरखडा सापडला की त्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडलं तर ओरखडा खोल, त्याच्या वाटेला जायचं नाही. नख सरळ निघून गेलं तर तो वरवरचा, तो आपला.

मग औषध. बाजारातलं कुठलंही पॉलिश त्यांना चालत नसे. माझ्या शाळेतले उरलेसुरले पांढरे खडू मी त्यांना आणून द्यायचे. रंगीत आणला तर परत. ते खडू ते खलबत्त्यात कुटत, पाण्यात कालवत आणि थोडा वेळ थांबत. जाड भाग तळाशी बसला की वरचं दुधासारखं पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतत. ते पाणी दिवसभर निवळलं की तळाला जो साका उरे, तो खरा. बोटांत चोळला तर काही आहे असं कळूही नये इतका मऊ. त्यात दोन थेंब खोबरेल तेल. आणि हा लेप लावायला कापूस, तोही शेतातून बोंडासकट आणलेला, स्वतःच्या हातानं सरकी काढलेला. जिनिंग कारखान्यातल्या कापसात कचरा असतो आणि एक बारीक कण महिन्याची मेहनत घालवतो, असं त्यांचं म्हणणं. चोळायचं ते सरळ रेषेत, एकाच दिशेनं. गोल चकरा मारणाऱ्या माणसाला ते मोटारीजवळ उभं करत नसत.

"एवढं काय त्याचं," काकू म्हणायच्या, "कुरडयांचा चीक मी असाच काढते. मले कोणी वकील म्हणत नाही."

आणि खरंच एकदा तसा घोटाळा झाला. उन्हाळ्यात काकूंनी कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढला होता. स्वयंपाकघरात खिडकीखाली दोन पातेली शेजारी शेजारी, दोन्हींत पांढरं निवळत होतं. वकीलसाहेबांनी सकाळी त्यातलं एक उचललं आणि तासभर पट्टी घासली. अकरा वाजता कोर्टात जायला निघाले तर पट्टीवर या दारापासून त्या दारापर्यंत मुंग्यांची रांग. काकू ओट्यावर उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. काकूंचं हसू माझ्या आधी थांबलं होतं, हे मला फार नंतर आठवलं.

काळं आणि चकचकीत काही दिसलं की त्यांचा हात राहत नसे. बाररूममधल्या टेलिफोनचा रिसीव्हर त्यांनी असा केला होता की तो हातातून सटकायचा. विरुद्ध बाजूच्या वकिलाचं फाउंटन पेन ते सह्या होईपर्यंत आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसत बसत. एकदा आम्ही एका घरी समाचाराला गेलो होतो. घरचे कर्ते गृहस्थ गेलेले, बायका रडताहेत, सगळे खाली माना घालून बसलेले. वकीलसाहेबही खाली मान घालून बसले होते. काकूंनी मला कोपरानं ढोसलं तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या मांडीशी कोनाड्यात रेडिओ होता आणि ते त्याच्या काळ्या बटणावर हळूहळू रुमाल फिरवत होते. निघताना त्या घरच्या बाई काकूंना म्हणाल्या, "ह्यांना रेडिओची फार आवड होती, तुमच्या मालकांना बरं माहीत." काकूंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र वकीलसाहेबांना त्यांनी जे सुनावलं ते घर येईपर्यंत पुरलं.

त्यांचं एक वाक्य मी अजूनही शाळेत वापरते. कोणी विचारलं की ओरखडा जातो कुठे, तर ते म्हणायचे, "ओरखडा कुठंच जात नाही. तो भरतही नाही. आजूबाजूचं सारं त्याच्याइतकं खाली आणा लागते, मंग तो दिसत नाही." वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ आले की ते हेच सांगत आणि कोर्टाची पायरी चढायच्या आत दोघांना थोडं थोडं खाली आणत. त्यामुळे त्यांची वकिली बेताचीच चालली असावी. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

आता माझ्या घड्याळाकडे येते. ते सांगायला मला अजूनही जड जातं.

दिवाळीनंतरचा एक रविवार. अकोल्याहून परत निघताना गडबड झाली, माझ्या वडिलांना बरं नव्हतं, माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. मनगटावर पदर आला होता आणि घड्याळ वाटीत टाकायचं राहून गेलं. वाटी रिकामीच काकूंकडे गेली, कुणी पाहिलं नाही. बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकाशी मोटारीनं गचका खाल्ला, मी तोल सावरायला हात पुढे टेकला आणि घड्याळाच्या पट्ट्याची कडी त्या काळ्या पट्टीवरून सरकली. आवाज असा काही झाला नाही. माझ्या पुढ्यात वीतभर लांबीचा एक बारीक पांढरा ओरखडा उमटला. मी त्यावर पदर टाकला आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

रात्रभर मी सकाळी काय बोलायचं ते घोकलं. सातला अंगणात जाऊन उभी राहिले. वकीलसाहेब सीटवर गुडघे टेकून वाकले, उन्हात इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. ओरखडा मला दारातून दिसत होता. ते सरळ झाले, कंबरेवर हात ठेवले आणि खुशीत म्हणाले, "पाहा बाई. आरसा आहे आरसा. एक ओरखडा सांगा."

मी नाही सांगितला. मला इतकं हायसं वाटलं की मी "वा" म्हणाले आणि खोलीत येऊन चहा केला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी माझ्या हायसं वाटण्यात काहीतरी खुपायला लागलं. पट्टीवर पडलेला केस ज्यांना अंगणाच्या फाटकातून दिसायचा, त्यांना वीतभर ओरखडा दिसत नव्हता. एकदा हे लक्षात आल्यावर बाकीचंही दिसू लागलं. वर्तमानपत्र ते खिडकीत नेऊन वाचत, आणि हल्ली तेही काकूंकडून वाचून घेत. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय चाचपत. चीक आणि खडू यांची अदलाबदल का झाली ते मला कळलं. पण सांगायचं तर आधी घड्याळाचं कबूल करावं लागलं असतं. त्यांचं बोलणं खायला मी भीत होते, एवढीच साधी गोष्ट. माणूस मोटार चालवत होता, मी शेजारी बसत होते, मागे काकू होत्या, आणि मी तीन आठवडे गप्प राहिले. आज माझ्या विद्यार्थिनींनी असं काही केलं तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं करीन.

मधल्या शनिवारची फेरी कशीबशी पार पडली. माझ्या वडिलांना अजून बरं नव्हतं म्हणून, पाळी नसतानाही, त्यानंतरच्याच शनिवारी आम्ही दुपारी निघालो. अकोल्याला जाताना मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. कापसाचे दिवस. मूर्तिजापूर सोडल्यावर रस्त्याच्या कडेनं भरलेल्या बैलगाड्या एकामागे एक चाललेल्या. वकीलसाहेब डोळे बारीक करून, मान पुढे काढून चालवत होते आणि काकूंना बहिणीच्या सुनेबद्दल उत्तर देत होते. बोरगावच्या अलीकडे मला समोर कापसाचा एवढा मोठा पांढरा ढीग दिसला आणि मोटार सरळ त्याच्याकडे चालली होती. मला वाटलं, आता वळवतील. ते वळवेनात.

"अहो, गाडी," काकू मागून ओरडल्या.

त्यांनी चाक फिरवलं. मोटार रस्ता सोडून खाली उतरली, बांधावर चढली आणि तुरीच्या शेतात नाक खुपसून बंद पडली. कुणाला काही लागलं नाही. गाडीवाला उतरून आला. साधा म्हातारा माणूस, रागावलाही नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "एवढी मोठी गाडी दिसली नाई काय?"

"तू मधात काहून चालून राहिला होता?" वकीलसाहेब म्हणाले. आवाज कोर्टातला.

"मी तं कडेनंच होतो, बापा."

  वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वाचलं. ओरखडा नाही पडला."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वकीलसाहेब, बोट द्या तुमचं." मी त्यांचं बोट धरून माझ्या पुढ्यातल्या ओरखड्यावर आडवं ठेवलं. त्यांचं नख किंचित अडलं. त्यांनी ते उचललं, परत फिरवलं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरखड्याची लांबी चाचपली. बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या.

"कवाचा?"

"तीन आठवडे झाले. माझ्या घड्याळाचा आहे. मी त्या दिवशी काढायचं विसरले."

"तीन आठवडे," ते म्हणाले. "मी रोज सकाळी पाहून राहिलो."

"हो."

त्यांनी तोंड समोर तुरीकडे केलं. मग म्हणाले, "घड्याळाचं नंतर बोलू." आणि मान न वळवता मागे विचारलं, "तुले माईत होतं?"

"चिकाच्या दिवसापासून," काकू म्हणाल्या. "मले वाटलं, तुमाले माईत असंन."

"धुकं आहे असं वाटे. आता हिवाळा आहे, म्हटलं."

"मुंग्या लागल्या तवा उन्हाळा होता," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी काकूंना रडताना पाहिलं ते तेवढंच. मग वकीलसाहेबांनी मला सांगितलं की त्यांच्या वडिलांनाही मोतीबिंदू झाला होता. एका फिरत्या डोळेवाल्यानं सुईनं तो काढून दिला आणि आठ दिवसांत डोळाच गेला. वकीलसाहेब तेव्हा दहा वर्षांचे होते आणि पुढची बारा वर्षं वडिलांचा हात धरून फिरले. हे बोलताना त्यांचं नख त्या ओरखड्यावरून मागेपुढे होत होतं. मला त्यांची फार माया आली आणि स्वतःची लाज वाटली.

त्या म्हाताऱ्यानं गाडीचे बैल सोडून मोटारीला जुंपले आणि आम्हाला बोरगावापर्यंत ओढत नेलं. वकीलसाहेब चाकाशी ताठ बसून होते. समोरून येणारी माणसं पाहत राहत. एकानं रामराम केला तेव्हा त्यांनीही केला. तो कोण होता ते त्यांना दिसलं नसणार, हे आता आम्हा तिघांनाही माहीत होतं.

ऑपरेशनला ते चार महिने तयार झाले नाहीत. नवनवीन हरकती काढायचे. शेवटची हरकत अशी की डोळ्यांचे डॉक्टर अकोल्याला, आणि तिथे आपण आपल्या मोटारीनंच जाणार, बसनं नाही. मोटार चालवणार कोण? काकू म्हणाल्या, "बाई चालवतीन." मी चाक हातातही धरलेलं नव्हतं. वकीलसाहेबांना वाटलं, ही हरकत जन्मभर पुरेल. पण मला तीन आठवड्यांची भरपाई करायची होती. रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या पडीक मैदानात ते मला मोटार शिकवू लागले. शेजारी बसून आवाजावरून गिअर सांगायचे. मी चुकले की म्हणायचे, "बाई, एंजिन रडून राहिलं, समजवा त्याले." आमच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं की शिक्षिकेनं मोटार हाकणं बरं दिसतं का. मी म्हणाले, दिसण्याचाच प्रश्न आहे. त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी परत विचारलं नाही.

शेवटी एका सोमवारी मी त्यांना अकोल्याला घेऊन गेले. आधी एक डोळा, मग दुसरा. त्या काळी ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस उताणं निजवत. हलायचं नाही, खोकायचं नाही. वकीलसाहेब तसेच निजून छताकडे तोंड करून म्हणायचे, "मोटार कशी आहे?" आम्ही म्हणायचो, छान आहे.

ती छान नव्हती. त्या दीड-दोन महिन्यांत मी आणि काकूंनी अमरावती-अकोला अशा किती फेऱ्या केल्या असतील कोण जाणे. पहिल्याच फेरीला काकू मागे बसल्या आणि बडनेऱ्यालाच म्हणाल्या, "मी का वरातीतली नवरी आहे, एकटी मागं बसाले?" आणि पुढे येऊन बसल्या. मी नवशिकी. प्रत्येक गिअरला मोटार उडी मारायची आणि प्रत्येक उडीला काकूंच्या बांगड्या पट्टीवर आपटायच्या. महिनाभरात पट्टीची चाळणी झाली. एका रविवारी मी खडूचा साका काढला आणि घासायला बसले. पण माझ्या अंगात तो धीर कुठला. हात दुखला तशा मी भराभर गोल चकरा मारल्या. आधी निदान ओरखडे होते, आता वर राखेसारखा भुरकट थर आला आणि त्यात चकराच चकरा.

घरी सोडायचा दिवस आला. वकीलसाहेब दवाखान्याच्या पायऱ्या उतरले ते काकूंचा हात घट्ट धरून. नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, त्यामागे डोळे एवढाले. त्या चष्म्यातून जमीन जवळ दिसायची, त्यामुळे ते पाय उंच उचलून टाकत होते. मोटारीपाशी आल्यावर काकू काही न बोलता मागचं दार उघडून बसल्या. मी घड्याळ काढून वाटीत ठेवलं. वाटी त्यांच्यापुढे धरली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पुढचं दार उघडलं, सीटवर गुडघे टेकले आणि वाकले.

ते किती वेळ पाहत होते ते मला सांगता येणार नाही. मी आणि काकू शाळेतल्या पोरींसारख्या शिक्षेची वाट पाहत होतो. त्यांनी एक बोट पट्टीवर ठेवलं आणि ते एकेका ओरखड्यावरून न्यायला सुरुवात केली.

"हे बांगडीचे."

"हो," काकू मागून म्हणाल्या.

"हा घड्याळाचा. हा मले माईत आहे." बोट पुढे सरकलं. "आणि हे गोल गोल कोणाचं काम?"

"माझं," मी म्हणाले.

"चकरा मारल्या."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि पुन्हा वाकले. पुन्हा सगळे ओरखडे पहिल्यापासून पाहिले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं. डॉक्टरांनी डोळ्यांतून पाणी येईल असं सांगितलंच होतं, पण हे ते नव्हतं. त्यांनी मागचं दार उघडलं.

"पुढं बस," ते काकूंना म्हणाले.

"बांगड्या आहेत हातात."

"दिसून राहिल्या मले. हिरव्या आहेत. बस पुढं."

काकू पुढे बसल्या. वकीलसाहेब मागे बसले आणि वाटी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली. मी मोटार सुरू केली. बोरगाव गेलं, ती तूर कापून झाली होती, तेही त्यांनी मला मागून सांगितलं. मैलाचे दगड वाचत होते. मूर्तिजापूरपाशी ते पुढे वाकले, त्यांचा चष्मा माझ्या आणि काकूंच्या खांद्यांच्या मध्ये आला, आणि म्हणाले, "बाई, घड्याळाचं बोलायचं राहिलं होतं."

मी मोटारीचा वेग कमी केला.

"तुमी ते विसरल्या नसत्या, तर मी आजही तसंच धुक्यातून पाहून म्हटलं असतं, ओरखडा नाही." त्यांनी वाटीतलं घड्याळ काढून पुढे धरलं. "घाला हातात."

मी एका हातानं चाक धरलं आणि दुसरा हात काकूंपुढे केला. काकू पट्टा बांधत होत्या तेवढ्यात मोटारीनं खड्डा घेतला आणि त्यांचा हात पट्टीवर आपटला. बांगड्या खणकल्या. काकूंनी सवयीनं हात झटकन मागे घेतला.

"राहू दे," मागून आवाज आला. "दिसला मले. तुझ्या डाव्या हाताच्या अंगाले, बारीक आहे."

बडनेऱ्याला रेल्वे फाटक बंद होतं. मोटार थांबवली तेव्हा मी काकूंच्या डाव्या बाजूला वाकून पाहिलं. बारीक, बोटभर, नवा ओरखडा होता तिथे.